क्षयजंतू कशावर जगतो?



डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मृतीसाठी होणाऱ्या व्याख्यानात मी क्षयरोगावर का बोलतो आहे, हे इथे कुणाला सांगायला नको. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई क्षयाने गेल्या. वय एकवीस. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयजंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या, तेव्हा पुढे ज्याने त्यांचा जीव घेतला तो जंतू जगाला माहीत होता. कारण कळलेलं आणि हातात काहीच नाही, अशी ती वर्षं होती. परिणामकारक औषध यायला पुढे साठ वर्षं लागली. बीसीजी ही लस १९२१मध्ये आली. आज जगभर दिली जाते ती तीच लस आहे, आणि मोठ्या माणसाच्या फुप्फुसाचा क्षय ती भरवशाने थांबवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात १ कोटी ८ लाख माणसं क्षयाने आजारी पडली आणि साडेबारा लाख दगावली. आजारी पडलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के भारतातली होती. ज्या रोगावर गोळ्या आहेत, ज्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, त्या रोगाचे हे आकडे आहेत.

आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. शंभर वर्षं आपण लसीमधून शरीराला क्षयजंतूची ओळख करून देत आलो, ती मुख्यतः तो जोमाने वाढत असतानाच्या रूपाची. माणसाच्या शरीरात मात्र तो बराच काळ तसा नसतो. तो दबून असतो, त्याला खायला धड मिळत नाही, प्राणवायू कमी असतो, आणि तरीही तो जगतो. त्या काळात त्याला जगवणारं जे चयापचयाचं यंत्र आहे, त्यातली प्रथिनं नव्या लसींत असायला हवीत, असं मला वाटतं. हे मत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक प्रयोगशाळांच्या कामातून उभं राहिलं आहे. ते अजून सिद्ध झालेलं नाही. ते कुठवर आलं आहे आणि कुठे अडलं आहे, ते सांगतो.

आधी बीसीजीबद्दल थोडं बोलायला हवं. आल्बेर काल्मेट आणि कामिल गेराँ या दोघांनी फ्रान्समधल्या लिल शहरातल्या पाश्चर संस्थेत १९०८मध्ये गाईच्या क्षयाचा जंतू घेतला. बटाट्याचे काप, ग्लिसरीन आणि बैलाचं पित्त यांवर तो वाढवायचा, काही आठवड्यांनी त्यातला थोडा उचलून नव्या बटाट्यावर घालायचा. तेरा वर्षांत हे २३० वेळा केलं. मधे महायुद्ध झालं, लिल जर्मन फौजांच्या ताब्यात गेलं, तरी काम सुटलं नाही. एवढ्या पिढ्या बटाट्यावर काढलेल्या जंतूला प्राण्याच्या शरीराशी झगडायची गरजच उरली नव्हती. त्या झगड्यासाठी लागणारे जनुकांचे काही तुकडे तो हरवून बसला. त्यातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा १९९६मध्ये ओळखला गेला. त्याला आरडी-१ म्हणतात. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिनं त्यातली. आज संसर्ग ओळखण्यासाठी रक्ताची जी इग्रा चाचणी करतात, ती याच दोन प्रथिनांवर उभी आहे, कारण बीसीजीत ती नाहीत.

बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून आणि सर्व अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. हे काम मोठं आहे. बाळाला ती दिलीच पाहिजे. आज मी जे बोलेन त्यातून कुणी याउलट अर्थ काढू नये. पण तिची मर्यादा आपल्याच देशात सर्वांत ठळकपणे दिसली. तामिळनाडूतल्या चिंगलपुट जिल्ह्यात १९६८मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची चाचणी सुरू झाली. लसीची इतकी मोठी चाचणी क्षयाच्या बाबतीत कुठेही झालेली नव्हती. पहिला अहवाल १९७९मध्ये आला. थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण दिलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही निष्कर्ष बदलला नाही.

यावर पुष्कळ खल झाला. आपल्याकडच्या मातीत आणि पाण्यात क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात, त्यांच्याशी शरीराची आधीच ओळख झालेली असते, त्यामुळे लसीचा वेगळा परिणाम दिसत नाही, हे एक कारण सांगितलं गेलं आणि त्यात तथ्य आहे. पण प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. फुप्फुसात शिरलेला क्षयजंतू पहिल्या काही आठवड्यांनंतर जो होतो, तो बीसीजी शरीराला कितपत दाखवते?

हे समजून घ्यायला शरीर जंतूला कसं ओळखतं ते पाहावं लागेल. गोवर किंवा धनुर्वात यांच्या लसी मुख्यतः प्रतिपिंडांच्या बळावर काम करतात. रक्तात फिरणारी प्रतिपिंडं विषाणूला किंवा विषाला बाहेरच गाठतात. क्षयजंतू मात्र पेशीच्या आत राहतो. त्याला गिळणारी भक्षक पेशी हेच त्याचं घर बनतं. तिथे प्रतिपिंडांचा हात फारसा पोचत नाही. तिथे उपयोगी पडतात त्या टी पेशी. भक्षक पेशी आपल्या आतल्या जंतूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशी तो तुकडा ओळखते, इंटरफेरॉन-गॅमा सोडते, आणि त्या इशाऱ्याने भक्षक पेशीला आतला जंतू मारण्याचं बळ येतं. म्हणून टी पेशीसाठी प्रथिन जंतूच्या अंगावर आहे की पोटात, हे महत्त्वाचं नसतं. ते तयार होतं आहे का, आणि त्याचा तुकडा पृष्ठभागावर येतो आहे का, एवढंच महत्त्वाचं असतं.

गेल्या तीस वर्षांतल्या बऱ्याच नव्या लसींचा पाया प्रतिजन ८५ नावाचा प्रथिनगट होता. तो निवडण्याचं कारण सरळ होतं. प्रयोगशाळेत वाढणारा क्षयजंतू ही प्रथिनं भरपूर बाहेर टाकतो, त्यामुळे ती सहज हाती लागतात आणि टी पेशी त्यांना जोरात प्रतिसाद देतात. गंमत म्हणजे तीही चयापचयाचीच प्रथिनं आहेत: जंतूच्या भिंतीतली लांबलचक मेदाम्लं जागच्या जागी जोडण्याचं काम ही एन्झाइम करतात. यातल्या ८५-ए या प्रथिनावर ऑक्सफर्डमध्ये हेलन मॅकशेन यांच्या गटाने एमव्हीए८५ए नावाची लस केली. दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टर्न केप प्रांतात, वुस्टर परिसरात, सुमारे २,८०० बाळांना बीसीजीनंतर ती देऊन पाहिली. २०१३मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. लस सुरक्षित होती. क्षयापासून तिने लक्षणीय संरक्षण दिलं नाही.

हा निकाल आला तेव्हा अनेकांनी नव्या लसींच्या मार्गाबद्दलच शंका घेतली. मला वाटतं, त्याने एक नेमका प्रश्न पुढे आणला. उंदरांमधल्या संसर्गात काय दिसतं ते पाहा. सुरुवातीला जंतू भराभर वाढतो तेव्हा तो ८५-बी हे प्रथिन भरपूर करतो. काही आठवड्यांत टी पेशी जागृत होतात, संख्या स्थिरावते, आणि तेव्हा जंतू हे प्रथिन बनवणं फार कमी करतो. याउलट ईसॅट-६ तो करतच राहतो, आणि त्याला ओळखणाऱ्या टी पेशी सतत सामना करून थकतात. म्हणजे एकीकडे दाखवलेली खूण पुसली जाते, दुसरीकडे खूण राहते पण पहारेकरी दमतात. नुसतं चयापचयाचं प्रथिन घेऊन भागत नाही. ते कोणत्या काळातलं आहे, हे पाहावं लागतं. घरात लपून बसलेला माणूस अंगावरचे कपडे बदलू शकतो, आवाज दाबू शकतो, पण त्याला चूल पेटवावीच लागते. आपण धूर शोधला पाहिजे.

मग हा जंतू दबून असताना चुलीवर काय शिजवतो? याचं पहिलं उत्तर फार जुनं आहे. विल्यम सीगल आणि ह्यूबर्ट ब्लॉख यांनी १९५६मध्ये संसर्ग झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून जंतू वेगळे केले आणि ते काय जाळून ऊर्जा मिळवतात ते तपासलं. काचेच्या बाटलीत वाढवलेले जंतू ग्लुकोजवर चांगला श्वास घेत. फुप्फुसातून आलेले ग्लुकोजला फारसे हात लावत नसत, मेदाम्लं मिळाली की मात्र जोमाने श्वास घेत. एकाच जंतूचे दोन वेगळे आहार. या कामाचं मोल कळायला चाळीस वर्षं जावी लागली.

ते कळलं १९९८च्या जूनमध्ये, क्षयजंतूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा. ज्या वाणाचा तो वाचला त्याचं नाव एच३७आरव्ही. त्याचा मूळ जंतू न्यूयॉर्क राज्यातल्या सारानाक लेकच्या आरोग्यधामात १९०५मध्ये एका रुग्णाकडून मिळाला होता. चव्वेचाळीस लाखांहून थोडी अधिक अक्षरं, सुमारे चार हजार जनुकं. त्यात मेदाम्लांच्या चयापचयाशी निगडित सुमारे अडीचशे एन्झाइम निघाले. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूत असे जेमतेम पन्नास असतात. ज्या जंतूने मेदासाठी इतकी सामग्री बाळगली आहे, तो मेदावर जगतो हे उघड होतं. पुढे २०००मध्ये जॉन मॅकिनी आणि सहकाऱ्यांनी आयसोसिट्रेट लायेज या एन्झाइमचं जनुक काढून टाकलेले जंतू उंदरांना दिले. सुरुवातीला ते नेहमीसारखे वाढले. टी पेशींचा दबाव आल्यानंतरच्या काळात मात्र ते टिकेनात. मेदाम्लांतून साखर उभी करण्याच्या वाटेवर हे एन्झाइम लागतं, आणि माणसाच्या शरीरात ती वाटच नाही. याच एन्झाइमची जंतूत दोन रूपं आहेत. २००५मध्ये दोन्ही काढली, तेव्हा जंतू उंदराच्या फुप्फुसात तग धरू शकले नाहीत. नंतर २००८मध्ये कळलं की एमसीई४ नावाच्या यंत्रणेने क्षयजंतू माणसाच्या पेशीतलं कोलेस्टेरॉलही आत ओढतो आणि दीर्घकाळच्या संसर्गात त्यावर जगतो.

या शोधांबद्दल बोलताना मला आनंद होतो तो यासाठी, की यातून जंतूची अगतिकता दिसते. तो सर्वशक्तिमान नाही. आपल्या पेशीच्या आत तो टंचाईत दिवस काढतो. लोह त्याला हिसकावून घ्यावं लागतं. टी पेशींचा इशारा मिळाला की भक्षक पेशी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा साठा नष्ट करते आणि जंतूची उपासमार करते. क्षयजंतू वाचतो कारण तो ट्रिप्टोफॅन स्वतः बनवतो. २०१३मधल्या एका कामात ही बनवण्याची क्षमता काढून घेतली, तेव्हा टी पेशींनी त्याला मारलं. जंतू जिथे स्वतःसाठी काहीतरी बनवल्याशिवाय जगू शकत नाही, ती प्रत्येक जागा लस बनवणाऱ्याने पाहून ठेवावी अशी आहे.

या सगळ्यात एका धाग्याकडे मी अधिक वेळ देणार आहे, कारण तो लसीपर्यंत पोचला आहे. तो आहे गंधकाचा. माणसाला गंधक असलेली अमिनो आम्लं अन्नातून घ्यावी लागतात. मेथिओनिन आहारात नसेल तर आपण नुसत्या सल्फेटमधून ते तयार करू शकत नाही. क्षयजंतू करू शकतो. तो सल्फेट आत घेतो, ते एटीपीच्या मदतीने सक्रिय करतो, त्यातला प्राणवायू पायरीपायरीने काढतो आणि सिस्टीन बनवतो. सिस्टीनपासून मायकोथायॉल नावाचं एक रसायन तयार होतं. भक्षक पेशी जंतूवर जे दाहक प्राणवायुयुक्त रेणू सोडते, त्यांच्यापासून मायकोथायॉल त्याचा बचाव करतं. म्हणजे भक्षक पेशीचा हल्ला जितका तीव्र, तितकी जंतूला गंधकाची गरज अधिक. या वाटेची पहिली पायरी चालवणाऱ्या एन्झाइमचा एक भाग म्हणजे सीवायएसडी हे प्रथिन. पेशीच्या आत शिरल्यावर जंतू ही यंत्रणा वाढवतो.

सिडनीमध्ये, सेंटेनरी इन्स्टिट्यूट आणि सिडनी विद्यापीठातल्या वॉरविक ब्रिटन आणि जेम्स ट्रिकास यांच्या गटाने हे हेरलं. गंधकाच्या या वाटेवरची प्रथिनं उंदरांमध्ये संरक्षण देतात, असं त्यांनी २०१३मध्ये दाखवलं. मग त्यांनी ८५-बी आणि सीवायएसडी ही दोन प्रथिनं एका साखळीत जोडली: एक जंतू वाढत असतानाचं, दुसरं तो दबून असतानाचं. या लसीचं नाव सिसव्हॅक२. अॅडिलेडमधल्या निकोलाय पेट्रोव्हस्की यांनी विकसित केलेला, वनस्पतींतल्या इन्युलिन या शर्करेच्या सूक्ष्म कणांचा घटक तिच्यासोबत वापरला, म्हणजे शरीराचा प्रतिसाद वाढतो. उंदरांमध्ये, संसर्ग लांबल्यानंतरच्या काळातही, या जोडलसीने फुप्फुसातले जंतू कमी ठेवले. नंतरच्या प्रयोगांत ती श्वसनमार्गे दिली, तेव्हा फुप्फुसातच मुक्काम ठोकणाऱ्या टी पेशी तयार झाल्या. माझ्या दृष्टीने या कामाचं वैशिष्ट्य निवडीच्या निकषात आहे. हे प्रथिन हाताशी भरपूर आहे म्हणून घेतलं असं झालं नाही. जंतूला ते अडचणीच्या काळात लागतं म्हणून घेतलं.

इथे एक शंका रास्त आहे, आणि विद्यार्थी ती नेहमी विचारतात. हे एन्झाइम तर जंतूच्या आत, तो जिवंत आणि अभेद्य भिंतीच्या आड. भक्षक पेशीला त्याचे तुकडे मिळणार कसे? याचं मला पटलेलं उत्तर डेव्हिड शर्मन यांच्या गटाच्या २००९मधल्या कामात आहे. त्यांनी जंतूत असा एक डीएनएचा तुकडा घातला, जो जंतू दुभागत गेला की हळूहळू गळत जातो. किती उरला यावरून किती वेळा दुभागला ते मोजता येतं. उंदरांत जंतूंची संख्या महिनोन्महिने स्थिर असते, म्हणून आपण समजत होतो की ते निपचित पडले आहेत. प्रत्यक्षात त्या काळातही जंतू वाढत होते आणि तितकेच मरत होते. मेलेल्या जंतूचं पोट भक्षक पेशीला उघडं असतं. तेव्हा आतली प्रथिनं टी पेशींपर्यंत पोचायला वाट आहे. फुप्फुसात जंतूभोवती पेशींच्या ज्या गाठी बनतात, त्या सर्वांमध्ये आणि सर्व माणसांत ती वाट सारखी मोकळी असेल असं मात्र म्हणता येत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चयापचयाची पुष्कळ एन्झाइम सजीवसृष्टीत सारखीच असतात. जंतूच्या प्रथिनाचा जो तुकडा आपल्या स्वतःच्या प्रथिनाशी जुळतो, तो लसीत घातला तर टी पेशी एकतर गप्प बसतील किंवा, त्याहून वाईट, आपल्याच पेशींवर धावून जातील. म्हणून जी वाट माणसात नाहीच, तिथून प्रथिन घेणं चांगलं. सीवायएसडीच्या बाबतीतही हे तपासावं लागतं, कारण सल्फेट सक्रिय करण्याचं काम आपल्या पेशीही दुसऱ्या कारणासाठी करतात, फक्त पुढे त्यापासून सिस्टीन बनवत नाहीत. प्रत्येक तुकडा मानवी प्रथिनांच्या यादीशी ताडून पाहणं हे आज संगणकामुळे सोपं झालं आहे. ते टाळण्याला कोणतंही कारण नाही.

चयापचयाचा वापर करण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. एखादं प्रथिन शरीराला दाखवण्याऐवजी जिवंत लसीच्या जंतूतलं चयापचयाचं जनुकच काढायचं. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत श्टेफान काउफमान यांनी बीसीजीतलं युरिएजचं जनुक काढलं. हे एन्झाइम अमोनिया करतं, त्यामुळे भक्षक पेशीच्या ज्या कप्प्यात जंतू असतो तो पुरेसा आम्ल होत नाही. जनुक गेलं, कप्पा आम्ल झाला. मग लिस्टेरिया जंतूचं, आम्ल वातावरणात भोकं पाडणारं एक प्रथिन त्यांनी बीसीजीत घातलं, म्हणजे जंतूची प्रथिनं पेशीत अधिक मोकळेपणाने पसरतील. ही लस व्हीपीएम१००२. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती पुढे नेली, आणि घरात क्षयरुग्ण असलेल्या बारा हजारांवर लोकांवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जी चाचणी २०१९मध्ये सुरू केली, तीत ती होती. स्पेनमधली एमटीबीव्हॅक ही तर मानवी क्षयजंतूपासूनच केलेली आहे. त्यातून दोन जनुकं काढली आहेत, त्यांतलं एक जंतूच्या भिंतीवरचा विशिष्ट मेद बनवण्यासाठी लागतं. तिच्या भारतातल्या चाचण्या भारत बायोटेकने हाती घेतल्या आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात अनिल त्यागी यांच्या गटाने बायोटिन बनवण्याचं जनुक काढलेला क्षयजंतू तयार केला, आणि गिनी पिगांमध्ये त्याने संरक्षण दिल्याचं २०१७मध्ये प्रसिद्ध केलं. बायोटिन नाही तर मेदाम्लं नाहीत, आणि मेदाम्लं नाहीत तर या जंतूची भिंत नाही.

दिल्लीचाच उल्लेख निघाला म्हणून सांगतो. प्राणवायू कमी झाला की क्षयजंतू सुमारे अठ्ठेचाळीस जनुकांचा एक संच एकदम सुरू करतो. त्या संचाचं नियंत्रण करणाऱ्या प्रथिनाला आज जग डॉसआर म्हणून ओळखतं. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जया त्यागी यांच्या प्रयोगशाळेने तेच प्रथिन डेव्हआर या नावाने शोधून काढलं होतं. दबलेल्या जंतूचा अभ्यास इथे सुरुवातीपासून झालेला आहे. ही परंपरा आपण पुरेशी सांगत नाही.

आता जे मला सर्वांत जास्त विचारात पाडतं ते सांगतो. २०१०मध्ये सेबास्तियन गान्यू यांच्या गटाने जगभरातल्या क्षयजंतूंचे जनुकसंच ताडून पाहिले. एरवी जंतूंची जी प्रथिनं टी पेशी ओळखतात ती बदलत जातात, म्हणजे पहारा चुकवता येतो. क्षयजंतूमध्ये उलट निघालं: टी पेशी ज्या तुकड्यांना ओळखतात तेच तुकडे सर्वांत कमी बदललेले होते. याचा एक अर्थ असा, की जंतूला ओळखलं जाणं हवं आहे. टी पेशी आल्या की गाठ तयार होते, पुढे फुप्फुसाला भगदाड पडतं, खोकल्यातून जंतू बाहेर पडतो आणि दुसऱ्या माणसात जातो. तसं असेल तर जे प्रथिन जंतू उघडपणे पुढे करतो, ते लसीसाठी निवडणं म्हणजे त्याच्या सोयीने वागणं. ज्या प्रथिनांना टी पेशी एरवी फारशी दाद देत नाहीत, जी तो पुढे करत नाही पण ज्यांच्याशिवाय त्याचं भागत नाही, तिकडे लसीने टी पेशींचं लक्ष मुद्दाम वळवलं पाहिजे. चयापचयाच्या प्रथिनांबद्दल माझा आग्रह आहे तो मुख्यतः यामुळे.

या आग्रहाच्या विरोधात जाणारी वस्तुस्थितीही मांडली पाहिजे. आज जगात सर्वांत पुढे असलेली नवी लस एम७२/एएस०१ई आहे, आणि तिच्यातली दोन प्रथिनं या निकषाने निवडलेली नाहीत. एक प्रथिनं तोडणारं एन्झाइम आहे, दुसरं पीपीई या मोठ्या कुळातलं. केनिया, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत आधीच संसर्ग झालेल्या सुमारे साडेतीन हजार प्रौढांवर तिची चाचणी झाली आणि तीन वर्षांत फुप्फुसाचा क्षय जवळपास निम्म्याने कमी झाला. प्रौढांच्या क्षयाबाबत असा निकाल पूर्वी कोणत्याच नव्या लसीने दिला नव्हता. तिची मोठी चाचणी २०२४च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली; वीस हजारांपर्यंत लोक त्यात घेण्याची योजना होती. पीपीई कुळाबद्दल मात्र एक गोष्ट जोडतो. ही प्रथिनं शरीराला चकवण्यासाठी असतात असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. त्यांतली काही जंतूच्या बाहेरच्या आवरणातून ग्लुकोज, ग्लिसरॉल यांसारखं अन्न आत आणतात, असं २०२०मध्ये दिसून आलं.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. एमव्हीए८५एचाही प्राण्यांतला इतिहास आशादायक होता. उंदरांच्या फुप्फुसात माणसासारखी गाठ सहसा होत नाही, जंतूला तिथे प्राणवायूची तशी टंचाई भासत नाही. दबलेल्या अवस्थेतलं प्रथिन तपासण्यासाठी ज्या प्राण्यात ती अवस्थाच नीट येत नाही तो प्राणी वापरणं, ही या क्षेत्राची मोठी उणीव आहे. माकडांवरचे प्रयोग अधिक जवळचे असतात. २०२०मध्ये बीसीजी त्वचेत देण्याऐवजी शिरेतून दिली तेव्हा दहापैकी नऊ माकडं सुरक्षित राहिली. म्हणजे लसीत काय आहे याइतकंच ती कोणत्या वाटेने जाते यालाही महत्त्व आहे. पण असे प्रयोग खर्चिक असतात आणि फार थोड्या ठिकाणी होतात.

म्हणून उत्तर माणसातच शोधावं लागेल, आणि ते शोधायला भारतापेक्षा योग्य जागा नाही. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा टक्केच आजारी पडतात. उरलेल्यांचं शरीर काहीतरी बरोबर करत असतं. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली झोपणाऱ्या पाच जणांतला एक आजारी पडतो आणि चौघं नाही. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांनी अशा घरांत पुरेसा शिधा दिला, तर घरातल्या इतरांना होणारा क्षय लक्षणीय कमी झाला. २०२३मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पोषण झालेल्या माणसाच्या टी पेशी कोणत्या प्रथिनांना ओळखतात आणि कुपोषिताच्या कोणत्या, हा प्रश्न त्याच घरांत विचारता येईल.

मद्रासमध्ये १९५६मध्ये सुरू झालेल्या क्षयाच्या औषधोपचार केंद्राने एकेकाळी साऱ्या जगाला दाखवून दिलं की क्षयरुग्णाला आरोग्यधामात न ठेवता घरी औषध देऊन बरं करता येतं. ते शक्य झालं, कारण कार्यकर्ते घरोघरी गेले आणि वर्षानुवर्षं जात राहिले. लसीसाठी तेच करावं लागेल. धारावीत, मालेगावात, नंदुरबारच्या पाड्यांवर रुग्ण सापडला की त्याच्या घरातल्या निरोगी माणसांचं थोडं रक्त घ्यायचं, पेशी गोठवून ठेवायच्या, आणि दोन-तीन वर्षं कोण आजारी पडतं, कोण नाही ते पाहायचं. मग मागे वळून त्या पेशींना सीवायएसडी, आयसोसिट्रेट लायेज, ट्रिप्टोफॅन आणि बायोटिन बनवणारी एन्झाइम एकेक करून दाखवायची, आणि निरोगी राहिलेल्यांच्या टी पेशी यांपैकी कुणाला ओळखतात ते नोंदवायचं. हे करण्याचं तंत्र आज मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणता येण्यासारखं आहे. द्रव नायट्रोजनची टाकी लागेल, वीज गेली तरी चालणारी. पाच-सात वर्षं मधेच न तुटणारा निधी लागेल. आणि त्या घरांची ओळख असलेल्या आशाताई लागतील, ज्यांना या कामाचा वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे.